संगणकशास्त्र विभागातील रिकाम्या खुर्च्या आणि थांबलेले संशोधन

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पदवीचे निकाल लागले की संगणकशास्त्राच्या प्रवेशांची चर्चा सुरू होते आणि तिच्यात दोनच गोष्टी ठळकपणे येतात. कोणत्या संस्थेत जागा किती, आणि तिथून बाहेर पडणाऱ्याला पहिल्या वर्षी किती लाखांचे 'पॅकेज' मिळते. राज्यातील एका अकृषी विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागात मी सत्तावीस वर्षे शिकवले आणि गेल्या वर्षी निवृत्त झाले. प्रवेशाच्या दिवसांत माझ्यासमोर येऊन बसलेल्या शेकडो पालकांपैकी तिघाचौघांनीही 'तुमच्या विभागात संशोधन कशावर चालते' असे विचारल्याचे मला आठवत नाही. त्यांना मी दोष देत नाही. पोटाला चिमटा काढून मुलांना शिकवणाऱ्या आईवडिलांनी आधी नोकरीचे विचारावे, हे योग्यच आहे. परंतु विद्यापीठाच्या विभागाचे काम नोकरीची तयारी करून घेण्यापाशी संपत नाही, आणि त्या कामाचा उरलेला भाग आज आपल्या डोळ्यांदेखत बंद पडत चालला असताना त्याविषयी कोणी बोलत नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

संगणकशास्त्रात संशोधन म्हणजे नेमके काय करतात, हे बाहेरच्या माणसाला सहसा दिसत नाही. रसायनशास्त्राच्या विभागात काचेची उपकरणे दिसतात, वनस्पतिशास्त्राच्या विभागात निदान रोपे तरी दिसतात. आमच्याकडे एक फळा, काही जुने संगणक आणि डोके धरून बसलेली चार मुले एवढेच दृश्य असते. त्यामुळे एक उदाहरण जरा सविस्तर सांगते.

काही वर्षांपूर्वी एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षातील एका विद्यार्थ्याने मराठी मजकुरात शब्द शोधून देणारा प्रोग्राम प्रकल्पासाठी लिहायला घेतला. वडील एसटीत वाहक होते आणि घरातला पहिला संगणक याच्याच शिष्यवृत्तीतून आला होता. पंधरा दिवसांनी तो तक्रार घेऊन आला की, 'दऱ्या' हा शब्द शोधला तर तो काही ठिकाणी सापडतो, काही ठिकाणी समोर दिसत असूनही सापडत नाही, आणि मजकूर आधी 'स्वच्छ' करून घेतला तर 'दऱ्या'च्या जागी 'दर्या' होऊन बसतो. डोंगरातल्या दऱ्या आणि समुद्र या अर्थाचा दर्या यांतला फरक मराठी मुलाला प्राथमिक शाळेत कळतो. आचार्यांना आणि आचाऱ्यांना यांतली गल्लत कोणी करत नाही. संगणक मात्र ती करत होता, आणि का करत होता हे त्या मुलाला सापडत नव्हते.

मी त्याला एवढेच सांगितले की, पडद्यावर दिसते त्यावर विसंबू नकोस, आत काय साठवले आहे ते छापून पाहा. दुसऱ्या दिवशी तो पाठकोऱ्या कागदांवर एकेका अक्षराखाली त्याचा यूनिकोड क्रमांक, म्हणजे जगभरच्या लिपींतील प्रत्येक चिन्हाला संगणकासाठी नेमून दिलेला क्रमांक, लिहून घेऊन आला. तेव्हा उलगडा झाला तो असा. आपण ज्याला 'ऱ्या' म्हणून वाचतो, तो आकार संगणकात एकापेक्षा अधिक प्रकारांनी साठवता येतो. एका प्रकारात यूनिकोडच्या तक्त्यातील ०९३१ या क्रमांकाचा, खाली टिंब असलेला 'ऱ', मग हलन्ताची खूण आणि मग 'य' असतो. दुसऱ्या प्रकारात साधा 'र', त्याला वेगळा जोडलेला नुक्ता (अक्षराखालचे टिंब), हलन्त आणि 'य' असतो. तिसऱ्या प्रकारात साधा 'र', हलन्त, त्यापुढे झीरो विड्थ जॉइनर नावाचे डोळ्यांना न दिसणारे चिन्ह, आणि मग 'य' असतो. पडद्यावर तिन्हींचे रूप सारखे. यूनिकोडच्या नियमांप्रमाणे मजकूर प्रमाणित करून घेतला तर पहिला आणि दुसरा प्रकार एक होतात, तिसरा मात्र वेगळाच राहतो. त्यातून मजकूर स्वच्छ करणारे अनेक प्रोग्राम ते न दिसणारे चिन्ह निरुपयोगी समजून काढून टाकतात, आणि ते गेले की मागे फक्त रफार उरतो. दऱ्यांचा दर्या होतो तो इथे.

पुढचे चार महिने त्या मुलाने जे केले त्याला मी संशोधन म्हणते. तिन्ही प्रकार एका रूपात आणणारा नियम लिहिणे सोपे होते. पण त्या नियमामुळे मुळात वेगळे असलेले दोन शब्द कधीच एक होणार नाहीत, हे कशावरून? याचे उत्तर चाचण्या घेऊन मिळत नाही, ते सिद्ध करावे लागते, आणि सिद्धता लिहिण्याची सवय बी.एस्सी.नंतर त्याची पार सुटली होती. दोनदा त्याची सिद्धता फळ्यावर मोडली. दुसऱ्या वेळी, ते न दिसणारे चिन्ह हलन्तानंतरच येते असे त्याने गृहीत धरले होते आणि प्रत्यक्ष मजकुरात ते भलत्याच ठिकाणीही टंकले गेलेले असते, हे त्याच्या लक्षात आले नव्हते. तिसऱ्या वेळी ती टिकली. हाती आला तो जेमतेम चाळीस ओळींचा प्रोग्राम आणि एक छोटा अहवाल. त्या काळात आठवड्यातून दोनदा आम्ही तासभर फळ्यासमोर उभे असू. तो तास वेळापत्रकात कुठेही लिहिलेला नव्हता, पण काम झाले ते त्याच तासात.

संगणकशास्त्राचे फार मोठे कामही याच रीतीने झालेले आहे. एखादी संख्या मूळ संख्या आहे की नाही हे निश्चितपणे आणि झटपट, म्हणजे संख्येतील अंकांच्या प्रमाणात आवाक्यात राहील एवढ्या वेळात, ठरवता येते का, हा प्रश्न कैक वर्षे सुटत नव्हता. ऑगस्ट २००२ मध्ये आयआयटी कानपूरचे प्राध्यापक मणिंद्र अग्रवाल आणि त्यांचे विद्यार्थी नीरज कयाल व नितीन सक्सेना यांनी तो सोडवला. दोन्ही विद्यार्थ्यांनी त्याच वर्षी बी.टेक. पूर्ण केले होते आणि या कामाची सुरुवात त्यांच्या बी.टेक.च्या प्रकल्पातून झाली होती. २००४ मध्ये 'अ‍ॅनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स'मध्ये छापून आलेला त्यांचा निबंध तेरा पानांचा आहे, आणि २००६ मध्ये त्याला सैद्धान्तिक संगणकशास्त्रातील कामासाठी दिले जाणारे गोडेल पारितोषिक मिळाले. त्या कामासाठी महासंगणक लागला नाही. आपल्याकडे देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी ६१७४ या संख्येचा गुणधर्म शोधला (सगळे अंक सारखे नसलेल्या चार अंकी संख्येचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करत राहिले की शेवटी हीच संख्या येते), तेव्हा त्यांच्याजवळ कागद-पेन्सिलीपलीकडे काही नव्हते. तीच संख्या आज जगभरचे विद्यार्थी प्रोग्रामिंगच्या सरावासाठी वापरतात.

सगळेच संशोधन कागदावर होत नाही, हे मला मान्य आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आजच्या मोठ्या भाषाप्रारूपांना (लँग्वेज मॉडेल्सना) शिकवण्यासाठी जी यंत्रे लागतात, ती कोणत्याही राज्य विद्यापीठाच्या विभागाला विकत घेता येणार नाहीत. पण यंत्र लांबून वापरता येते. पुण्याच्या आयसर या केंद्रीय विज्ञान-संस्थेत २०१९ पासून 'परम ब्रह्म' हा महासंगणक आहे, आणि मार्च २०२४ मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या १०,३७२ कोटी रुपयांच्या 'इंडिया एआय' मोहिमेत सवलतीच्या दरात संगणनशक्ती पुरवण्याची तरतूद आहे. शोधनिबंध मिळण्याची अडचणही बरीच दूर झाली आहे. मी स्वतः पीएच.डी. करत असताना एकेका निबंधाच्या झेरॉक्ससाठी पहाटेच्या गाडीने मुंबईला जात असे. आता 'एक राष्ट्र, एक सदस्यता' या योजनेतून, तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये खर्चून, जानेवारी २०२५ पासून राज्य विद्यापीठांनाही हजारो आंतरराष्ट्रीय नियतकालिके खुली झाली आहेत. म्हणजे यंत्र आहे, ग्रंथालय आहे. विद्यार्थ्याशेजारी बसून तो निबंध वाचणारे माणूस मात्र लांबून मागवता येत नाही.

मूळ मुद्दा हाच आहे, आणि तो हिशेबाने मांडते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नोव्हेंबर २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.साठी प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थी घेता येतात, आणि मार्गदर्शक होण्याचा अधिकार कायमस्वरूपी शिक्षकालाच असतो. एक प्राध्यापक, दोन सहयोगी आणि चार सहायक अशी सात पदे पूर्ण भरलेल्या विभागात आठ, बारा आणि सोळा मिळून छत्तीस संशोधक विद्यार्थ्यांना जागा होऊ शकते. त्याच विभागात दोन सहायक प्राध्यापक तेवढे उरले, तर जागा आठ. मंजूर पदांचा कागद तोच, इमारत तीच, पाटीही तीच, आणि अठ्ठावीस जागा नाहीशा. कोणीही हा अभ्यासक्रम बंद करण्याचा ठराव केलेला नसतो. एकेक शिक्षक निवृत्त होतो, पदभरतीची परवानगी येत नाही, आली तर जाहिरात निघत नाही, निघाली तर बिंदुनामावलीत (आरक्षणाप्रमाणे पदांच्या क्रमवारीत) किंवा न्यायालयात अडकते, आणि मधल्या काळात संशोधन आपोआप संपते.

त्याच नियमांत आणखी एक कलम आहे. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरलेल्या शिक्षकाला नवा संशोधक विद्यार्थी घेता येत नाही. कलम रास्त आहे, कारण मध्येच मार्गदर्शक जाणे विद्यार्थ्याला फार जड जाते. पण नियम करणाऱ्यांनी असे धरले आहे की, मागून तरुण शिक्षक येतच असतील. माझ्या बाबतीत शेवटची तीन वर्षे दरवर्षी 'पेट' ही पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा उत्तीर्ण झालेली मुले येत, कामाची चांगली कल्पना घेऊन येत, आणि मला त्यांना 'मी घेऊ शकत नाही' एवढेच सांगावे लागे. माझ्यामागे त्यांना घेणारे विभागात कोणी नव्हते. त्यांतली एक मुलगी मराठीतील सामासिक शब्दांची संगणकाने फोड करण्याचा विषय घेऊन आली होती. विषय खरोखर चांगला होता, आणि तो मराठी जाणणाऱ्यानेच करावा असा होता. ती आता एका कंपनीत प्रोग्राम तपासण्याचे काम करते आणि दिवाळीला मला संदेश पाठवते. दर वेळी तो संदेश वाचताना मला अपराधी वाटते.

रिकाम्या जागा तासिका तत्त्वावरील शिक्षकांनी भागवल्या जातात, असे उत्तर मिळते. त्या शिक्षकांविषयी मला पूर्ण आदर आहे. त्यांच्यातले अनेक जण नेट-सेट उत्तीर्ण, पीएच.डी. झालेले, माझ्याहून चांगले शिकवणारे आहेत. पण सकाळी एका महाविद्यालयात दोन तास, दुपारी विद्यापीठात दोन तास, मधला वेळ बसमध्ये, आणि मानधन महिनोन् महिने थकलेले, अशा अवस्थेतल्या माणसाकडून फळ्यासमोरचा तो बिनपगारी तास कोणत्या तोंडाने मागायचा? आणि त्याने तो दिलाच, तरी मार्गदर्शक म्हणून त्याचे नाव लागू शकत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याचा विभागाशी संबंध तुटतो आणि पुढच्या सत्रात तो येईलच याची खात्री त्यालाही नसते. चार महिने एका सिद्धतेच्या मागे लागायला दोघांपैकी निदान एकाचे पाय जमिनीवर घट्ट असावे लागतात.

शिकण्याचा काळही कमी झाला आहे. एम.सी.ए. हा अभ्यासक्रम २०२०-२१ पासून तीन वर्षांऐवजी दोन वर्षांचा झाला. विद्यार्थ्यांचे एक वर्ष आणि त्या वर्षाची फी वाचली, हा फायदा मी नाकारत नाही. पण गेले ते वर्ष श्वास घेण्याचे होते. अल्गोरिदम, संकलक (कंपायलर), संगणनाचा सिद्धान्त हे विषय पहिल्या वाचनात डोक्यावरून जातात आणि दुसऱ्या वाचनात समजतात. ते दुसरे वाचन त्याच वर्षात होत असे. आता शेवटचे सत्र बहुतेक मुले कंपनीत उमेदवारी करण्यात घालवतात. उमेदवारीला माझा विरोध नाही, घरची गरज असलेल्या मुलाला त्या सहा महिन्यांचे विद्यावेतन फार मोलाचे असते. मात्र अशा प्रकल्पांच्या तोंडी परीक्षेला मी बसले आहे. 'काम गोपनीय आहे, त्यामुळे प्रोग्राम दाखवता येणार नाही' असे सांगणाऱ्या मुलाला काय विचारायचे, हे मला कधी कळले नाही. ज्यांना विभागात राहून सहा महिने एका प्रश्नावर काम करायचे आहे, त्यांच्यासाठी तो मार्ग नावापुरता नव्हे तर खरोखर खुला हवा, आणि त्या मुलांनाही विद्यावेतन मिळायला हवे.

प्रोग्राम आता यंत्रच लिहून देते, मग हे सगळे शिकायचे कशाला, असा प्रश्न मला अलीकडे नातेवाइकांच्या लग्नातही विचारला जातो. याला उत्तर म्हणून मी नेहमी एका जुन्या चुकीचे उदाहरण देते. क्रमाने लावलेल्या यादीत मधोमध पाहून निम्मी यादी सोडून देत शोधण्याची पद्धत पहिल्या वर्षाच्या मुलालाही शिकवतात. जावा या भाषेच्या प्रमाण ग्रंथालयातला हाच प्रोग्राम जगभर वर्षानुवर्षे वापरात होता, आणि २००६ मध्ये असे जाहीर झाले की, मधली जागा काढण्यासाठी दोन टोकांची बेरीज करून तिला दोनने भागणारी ओळ यादी अतिप्रचंड झाल्यास चुकते, कारण बेरीजच संगणकाच्या संख्येच्या मर्यादेबाहेर जाते. इतक्या साध्या ओळीत इतक्या तज्ज्ञांच्या नजरेतून एवढा काळ जे निसटले, ते यंत्राने क्षणात लिहून दिलेल्या हजार ओळींत निसटणार नाही असे कोण सांगणार? प्रोग्राम बरोबर का आहे हे सांगू शकणाऱ्या माणसाची गरज उलट वाढली आहे, आणि तसा माणूस विभागातच घडतो.

पीएच.डी.च्या प्रबंधांच्या दर्जाबद्दल वृत्तपत्रांतून टीका होते आणि ती पुष्कळशी खरी आहे. प्रबंध सादर करण्यापूर्वी नियतकालिकात निबंध छापून आलाच पाहिजे, या २०१६ च्या नियमाने पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांची चांदी झाली. आयोगाच्या तत्कालीन मान्य यादीची तपासणी पुण्यातल्याच संशोधकांनी २०१८ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा विद्यापीठांनी सुचवलेल्या आणि तपासलेल्या नियतकालिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक कमी दर्जाची असू शकतात असे दिसून आले. आमच्या विषयात तर हा नियम आणखी विचित्र होता, कारण संगणकशास्त्रातले चांगले काम नियतकालिकांपेक्षा परिषदांमध्ये, कडक परीक्षण होऊन, आधी प्रसिद्ध होते. अशा परिषदेत निबंध स्वीकारला गेलेल्या विद्यार्थ्याला 'हे नियतकालिक नाही' म्हणून परत पाठवल्याचे आणि पैसे भरून छापून आणलेला निबंध निमूट स्वीकारल्याचे मी एकाच बैठकीत पाहिले आहे. २०२२ मध्ये ती सक्ती गेली आणि २०२५ मध्ये 'केअर' ही आयोगाची मान्य नियतकालिकांची नंतरची यादीही बंद झाली. आता निबंध चांगला की वाईट हे ठरवण्याची जबाबदारी विद्यापीठांवर, म्हणजे शेवटी विभागांवर आहे. निर्णय योग्य आहे. पण त्यासाठी विभागात तो निबंध वाचून समजणारी निदान तीन-चार माणसे लागतील, आणि पुन्हा आपण त्याच रिकाम्या खुर्च्यांपाशी येऊन थांबतो.

नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे चार वर्षांची पदवी पंचाहत्तर टक्के गुणांनी मिळवलेल्या विद्यार्थ्याला थेट पीएच.डी.ला येता येईल. एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी, उमेद ताजी असताना मुले संशोधनाकडे येतील, याचा मला मनापासून आनंद आहे. ती आल्यावर त्यांना घेणार कोण, याची तजवीज शासनाने आत्ताच केली पाहिजे. राज्य विद्यापीठांच्या संगणकशास्त्र विभागांतील मंजूर पदे कालबद्ध रीतीने भरावीत, निवृत्तीला तीन वर्षे उरलेल्या प्रत्येक शिक्षकाच्या जागी नव्या शिक्षकाची निवड त्याच वेळी सुरू करावी म्हणजे दोघांना काही काळ बरोबर काम करता येईल, आणि प्रत्येक विद्यापीठाने विभागवार मंजूर पदे, भरलेली पदे आणि पीएच.डी.च्या उपलब्ध जागा दरवर्षी प्रवेशापूर्वी जाहीर कराव्यात, अशी माझी मागणी आहे. मराठीच्या संगणकीय वापराचे असंख्य प्रश्न अजून कोणी हातात घेतलेले नाहीत. ते कानपूरचे किंवा कॅलिफोर्नियाचे विद्यार्थी आपल्यासाठी सोडवतील, अशी वाट पाहण्यात अर्थ नाही.

पालकांनाही एक विनंती आहे. येत्या दिवसांत आपण एखाद्या विभागात चौकशीला जाल, तेव्हा पगाराचे आकडे जरूर विचारा. पण त्याबरोबर कायमचे शिक्षक किती आहेत, तेही विचारा, आणि गेल्या वर्षीचे दोन-तीन प्रकल्प-अहवाल कपाटातून काढून दाखवायला सांगा. विद्यार्थी म्हणून येणाऱ्या आपल्या मुलाला किंवा मुलीला ते तिथेच बसून अर्धा तास चाळू द्या.

आपली,
एक निवृत्त प्राध्यापिका (संगणकशास्त्र)